कापूर चालतो, बोंबील चालत नाही

सरांनी माझ्या डब्याचं झाकण उघडलं आणि वास घेतला.

नाक पार डब्यापाशी नेऊन. कँटीनमध्ये, सगळ्यांच्या देखत. मी हात धुवायला गेले होते. परत आले तर माझ्या खुर्चीपाशी सर उभे आणि माझा डबा त्यांच्या हातात.

"बोंबील?"

"बोंबलाची चटणी आहे, सर."

"मग आज आत जाऊ नकोस. श्वासातून बाहेर पडतं ते. फिल्म केतकी उचलेल. शास्त्र आहे हे, वाईट वाटून घेऊ नकोस."

झाकण लावलं. दोन बोटांनी डबा माझ्याकडं सरकवला. मग बेसिनपाशी जाऊन हात धुतले, साबण लावून.

केतकी माझ्यासमोरच बसली होती. माझ्याच हुद्द्यावरची, माझ्यानंतर लागलेली. तिच्या डब्यात लसणाची फोडणी दिलेलं पिठलं आणि मुळ्याची कोशिंबीर. मुळा! तिच्या डब्याला कुणी नाक लावलं नाही. ती खाली बघून जेवत राहिली. मीही बसले, भाकरी मोडली, सगळी चटणी संपवली. चव म्हणून लागली नाही.

ही गोष्ट कुठल्या खेड्यातली नाही आणि आजोबांच्या काळातलीही नाही. चाकणच्या एमआयडीसीतली आहे, काचेच्या इमारतीतली, जिथं दार उघडायला कार्ड लागतं. गाड्यांच्या बॅटऱ्यांवर काम करणारी ती लॅब. मी एम.एस्सी. आहे, फिजिक्स. माझ्या कार्डावर फोटोखाली 'संशोधक' असं लिहिलंय.

मी तिथं खिडक्या बनवते. बनवत होते म्हणा.

ही खिडकी कसली ते सांगते. आमच्याकडं एक मोठं यंत्र आहे. ते पदार्थावर क्ष-किरण मारतं. पदार्थातून इलेक्ट्रॉन उडतात. त्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजली की कळतं, आत कुठला अणू बसलाय आणि कोण कुणाला धरून आहे; पडद्यावर प्रत्येकाची आपली रेघ उठते. अडचण एवढीच की ते इलेक्ट्रॉन फार अशक्त. साध्या हवेतूनसुद्धा लांब जाता येत नाही त्यांना. म्हणून यंत्राच्या पोटात पूर्ण निर्वात ठेवावं लागतं, आणि निर्वातात पाणी ठेवलं तर ते उकळून उडून जातं. वायूचं तर बोलायलाच नको. त्यामुळं वर्षानुवर्षं आत न्यायचं ते सुकवून, कोरडंठाक करून. बॅटरी चालते ती द्रवात, आणि आम्ही तपासायचो वाळलेला चोथा. मेलेल्या माणसाची नाडी बघावी तसला प्रकार.

ग्राफीननं ते बदललं. कार्बनचा एक थर, एका अणूइतका जाड. त्याच्यामागं पाणी ठेवा, वायू ठेवा, गळत नाही. आणि एवढा पातळ की ते अशक्त इलेक्ट्रॉनसुद्धा त्यातून बाहेर पडतात. म्हणजे आतलं ओलं ओलंच राहतं आणि आपल्याला दिसतं. त्यालाच आम्ही खिडकी म्हणतो.

तांब्याच्या पातळ पत्र्यावर हा थर वाढवायचा. वरून प्लास्टिकचा लेप द्यायचा, मग खालचं तांबं विरघळवून टाकायचं. उरते ती साय, आमच्या भाषेत फिल्म, पाण्यावर तरंगणारी. सरळ बघितलं तर दिसतच नाही. मान तिरकी केली की उजेडात तिची कड चमकते. बारीक भोकं पाडलेली चिप पाण्यात बुडवायची, सायीच्या खाली न्यायची आणि हळूच वर घ्यायची. घाई केली की सुरकुती पडते, नाहीतर फाटते. नंतर वरचा लेप धुऊन काढायचा. हे सगळं एका छोट्या बंद खोलीत चालतं. गाऊन, मास्क, हातमोजे. ती खोली म्हणजे माझं सगळं काम.

पहिल्यांदा माझ्या खिडकीतून पाण्याची रेघ पडद्यावर उठली तेव्हा मी ओरडले होते. खोटं कशाला बोलू, नाचलेच. जिवंत पाणी होतं ते, निर्वाताच्या तोंडाशी बसलेलं. सरांनी वरिष्ठांना फोन लावला. "आम्ही केलं," म्हणाले. ठीक आहे, आम्ही. तेव्हा मला त्यात काही खुपलं नाही.

सर आमचे लॅबप्रमुख. हुशार आहेत, हे मी नाकारत नाही. परदेशात शिकून आलेले. मुलाखतीत त्यांनी मला ग्राफीनबद्दल भरपूर विचारलं, मी सगळं सांगितलं. मग हसून म्हणाले, "मूळ गाव कुठलं तुमचं?" मी म्हटलं बीड. "बीडमध्ये कुठं?" मी गाव सांगितलं. "आणि गावात... म्हणजे घर कुठल्या बाजूला?" आता याचं उत्तर काय देणार? मी म्हटलं, "माझा जन्म कासारवाडीचा, सर. घर स्टेशनच्या बाजूला." ते हसले. त्यांना जे कळायचं होतं ते कळलं होतं. मला नोकरी मिळाली, म्हणून मी तो प्रश्न सोडून दिला.

खोलीचा आधी एकच नियम होता. विडी-सिगरेट ओढून लगेच आत यायचं नाही. हा नियम बरोबरच आहे, जगभर पाळतात. धुरातला कार्बन फिल्मवर बसतो.

मग आली खंडेनवमी.

माझे बाबा भोसरीत एका कारखान्यात, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपला होते. खंडेनवमीला तिथं असा रिवाज की ज्याची मशीन त्यानं पूजायची. मालक नाही, मॅनेजर नाही. आम्ही बौद्ध. घरात देव नाहीत, विहारात वंदना असते तेवढी. पण बाबा त्या दिवशी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि आपल्या प्रेसला झेंडूची माळ घालायचे. "देव नाय ती, पण पोट भरती," म्हणायचे. मी लहानपणी एकदा गेले होते बरोबर. अख्ख्या शॉपमध्ये जो तो आपापल्या मशीनपाशी ताठ उभा. बाबांना एवढं ताठ मी दुसरीकडं कुठं बघितलं नाही.

तर आमच्या लॅबमध्ये सरांनी पूजा ठरवली, मोठ्या यंत्राची आणि खोलीचीही. मी यंत्र चालवते, खिडक्या मी बनवते. मी साडी नेसून गेले, हौसेनं पर्समध्ये झेंडूची माळ घेऊन. सर सोवळं नेसले होते. केतकीच्या हातात आरतीचं ताट. मी खोलीच्या दारात पाय टाकला आणि सर म्हणाले, "तू बाहेरून फोटो काढ ना. तुझे छान येतात."

मी फोटो काढले, काचेबाहेरून. ग्रुपवर गेले ते फोटो. सगळे आहेत त्यात. मी नाही. माळ पर्समध्येच वाळली.

आणि आत काय झालं? कापूर पेटवला. धूप घातला. अगरबत्त्यांचा जुडगा लावला. ज्या खोलीत आम्ही तोंडाला मास्क बांधून जातो तिथं धुराचा लोट. पूजा झाल्यावर ताट आतल्याच फळीवर ठेवलं, शुभ असतं म्हणून. मी सरांना म्हटलं, "सर, धूर झालाय, फिल्मवर बसेल." ते हसले. "अगं, तो देवाचा धूर. वर जातो."

मला वाटलं चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती ती.

त्यानंतर पडद्यावर खांदा दिसायला लागला. ग्राफीनची स्वतःची कार्बनची रेघ असते, उंच आणि टोकदार. तिच्या शेजारी एक फुगवटा यायला लागला, खांद्यासारखा. म्हणजे दुसरा कुठला तरी कार्बन फिल्मला चिकटलाय. लेप नीट धुतला गेला नसेल, हवेतून काही बसलं असेल. शंभर कारणं असतात. एकेक तपासून काढायची, हेच तर आमचं काम. बेंगळुरूहून पाहुणे यायचे होते, त्यांच्यासमोर जिवंत द्रव दाखवायचा होता. सर घायकुतीला आले होते.

आणि त्या शंभर कारणांतून त्यांना सापडलं कोण? मी. माझा डबा. माझा श्वास. कँटीनमधल्या त्या दुपारपासून नियम झाला. मांस-मच्छी खाल्लेल्यानं त्या दिवशी खोलीत जायचं नाही. लॅबमध्ये मांस-मच्छी डब्यात आणणारी मी एकटी. इतर खातात, हॉटेलात खातात, शनिवारी हिंजवडीला जाऊन तंदुरी फाडतात आणि त्याचेही फोटो टाकतात. पण डब्यात नसतं ना!

मी भाजीचा डबा न्यायला लागले, तरी मला बाहेरच्या टेबलावरच बसवलं. जुनी आकडेमोड नीट लावायचं काम दिलं. आत केतकी. काचेतून मला दिसायचं, ती चिप घाईनं वर ओढतेय. माझी बोटं टेबलाखाली आपोआप हलायची. फिल्म फाटायची. जी वाचायची तिच्यावरही खांदा होताच, पहिल्यासारखाच. मी खोलीत नाही, माझा श्वास खोलीत नाही, तरी खांदा आहे. मग आता तरी कळेल ना माणसाला? छे! सर म्हणाले, "डब्यांचं कपाट दाराजवळ आहे. हलवायला हवं." चांगला शिकलेला माणूस, आणि हे बोलतो. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी मूग गिळून बसले, कारण खोली हवी होती. मला बाकी काही नको होतं, पगारवाढ नको, कौतुक नको. ती खोली हवी होती.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. केतकीला जमत नव्हतं, गरज पडली होती.

"उद्या फिल्म तूच उचल. फक्त साधा डबा आण. केतकी सकाळी बघून घेईल, म्हणजे कुणाला शंका नको."

म्हणजे सकाळी मी दारात उभं राहायचं, डबा उघडायचा, आणि केतकीनं वाकून बघायचं. आणि मग मी आत. मी "बघते" म्हटलं आणि बाहेर आले. बसमध्ये बसले. मोशीपर्यंत ट्रॅफिक तुंबलेलं. मी मनाशी म्हणत होते, एवढं काय त्यात, उद्याही भेंडी नेऊ. आणखी एक दिवस भेंडी खाल्ल्यानं कुणी मरत नाही. खोली तर मिळेल.

घरी आले. आईला काही सांगितलं नव्हतं मी. पण त्या दुपारपासून डब्यातून नुसती भाजी मागत होते, आणि तिला कळत नाही असं काही नसतं. ओट्यापाशी उभी होती. हातावर लिंबाची फोड चोळत होती. नखांच्या कडेनं, बोटांच्या बेचक्यात, घासून घासून. चामडी लाल झालेली.

"काय करतीयेस?"

तिनं हात माझ्या नाकासमोर धरले.

"बघ गं. मह्या हाताला वास येतो का अजून? मीच करती ना डबा. उगं तुला बोलणी नकोत."



ही बाई आयुष्यभर खिडकी लावून बोंबील भाजत आली. कासारवाडीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आई तव्यावर बोंबील टाकण्याआधी स्वयंपाकघराची खिडकी लावायची, दाराखाली पोतं सारायची. तरी खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून आवाज द्यायच्या. "आज परत का?" एवढंच. शिवी नाही, भांडण नाही. आज परत का. आणि आई आतल्या आत, धुरात खोकत, डोळे पुसत भाजायची. मी खिडकी उघडायला गेले की हातावर फटका. मला वाटायचं, जगात सगळीकडं बोंबील असेच भाजतात, खिडकी लावून. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर कळलं की खिडकी फक्त आपली बंद असते.

मी तिचे हात धरले. लिंबाचा वास येत होता. मी रडले नाही, मला नुसता संताप आला. सरांचा आलाच, माझा स्वतःचाही आला. दुसऱ्याच्या खिडक्या बनवत होते मी, आणि घरात ही बंद खिडकीआड.

"आई, उद्या बोंबीलच दे."

"येडी का तू?"

"दे म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी मीटिंग रूममध्ये पाहुणे बसले होते, एक साहेब आणि एक मॅडम. सर बोलत होते. केतकी लॅबच्या दारात उभी होती, डबा बघायला. तिला बिचारीला माझ्याकडं बघवत नव्हतं. मी तिच्यापाशी थांबले नाही. आधी खोलीकडं गेले. गाऊन, मास्क, मोजे चढवले, आत शिरले आणि फळीवरचं आरतीचं ताट उचललं. अर्धा जळलेला कापूर, धुपाची राख, कुंकू, अगरबत्तीची काडी. खंडेनवमीपासून तिथंच. ते घेऊन मीटिंग रूममध्ये आले. टेबलावर ठेवलं. शेजारी माझा डबा ठेवला आणि झाकण उघडलं.

"सर, त्या दिवशी एकच हुंगलं होतं. आज दोन्ही हुंगा."

डबा त्यांच्यापुढं सरकवला. 

मी वाट बघत होते. काय म्हणतील? कापराच्या धुराचं काहीतरी शास्त्र सांगतील, माझ्या श्वासाचं सांगतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. मला खरंच वाटत होतं की आता कार्बनवर बोलणं होईल. एवढी मी भाबडी.

सरांनी डब्याकडं बघितलंच नाही. त्यांचं लक्ष ताटावर होतं. चेहरा पांढरा पडला आणि तोंडातून निघून गेलं.

"ताटाला हात कुणी लावायला सांगितला तुला?"

बस्स.

सगळं बाहेर आलं, एका वाक्यात. कार्बन नव्हता. श्वास नव्हता. बोंबीलसुद्धा नव्हता. माझा हात होता. हातमोजा घातलेला असूनही माझा हात होता.

सरांनाही कळलं आपण काय बोललो ते. "म्हणजे, ते स्वच्छ... म्हणजे तसं नाही," असं काहीतरी पुटपुटायला लागले. पाहुण्या मॅडमना मराठी येत असावी, कारण त्यांनी मान खाली घातली. 

मी म्हटलं, "कापूर चालतो. देवाचा धूर चालतो. मी चालत नाही. मग तसं सांगा ना, शास्त्राला कशाला मधे आणता?"

मग मी तिथलीच एक खुर्ची ओढून बसले आणि जेवले. सकाळी, सगळ्यांसमोर, भाकरी आणि चटणी. एकही घास पडू दिला नाही. उठले. हात धुतले, चूळ भरली, नवे मोजे, नवा मास्क. खोलीत गेले. पाण्यावर साय तरंगत होती. मान तिरकी केली, कड दिसली, चिप खाली नेली आणि वर घेतली. सुरकुती नाही. लेप धुतला, मागं पाणी भरलं, यंत्रात बसवली. पडद्यावर पाण्याची रेघ उठली. खांदाही होताच. खोलीतली काजळी एका सकाळीत जात नाही.

सर ती रेघ दाखवून पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या लॅबची शिस्त." माझ्यासमोर म्हणाले.

चार दिवसांत एचआरनं बोलावलं. तिथली मॅडम माझ्याच वयाची, गोड आवाजाची. "तू फार इमोशनल झालीस गं. ताट आणायची काय गरज होती? त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे." मी विचारलं, "आणि माझ्या डब्याचा?" ती म्हणाली, "डबा काय, डबाच आहे." सरांची माफी मागायची, मग सगळं पहिल्यासारखं, असं तिचं म्हणणं. मी नाही म्हटलं. तिनं परत विचारलं. मी परत नाही म्हटलं.

माझं कार्ड आता खोलीच्या दाराला लावलं की लाल दिवा लागतो. मला शेजारच्या इमारतीत बसवलंय, जुन्या यंत्रांची माहिती संगणकात भरायला. केतकी फिल्म फाडतेय. खांदा वाढलाय म्हणे. आरतीचं ताट परत फळीवर गेलंय, हे मी काचेतून स्वतः बघितलं. डोकं फुटायची वेळ येते. एवढं साधं आहे, एवढं समोर आहे, आणि कुणाला बघायचंच नाही. वाळवून, मारून, मग आत घ्यायची सवय लागलीय यांना.

कंपनीत तक्रार दिलीय, पोलिसांतही दिलीय. तिथला हवालदार म्हणाला, "ताई, बोंबलावरून केस?" मी म्हटलं, "हातावरून. लिहून घ्या." त्यानं लिहून घेतलं. पुढं काय होईल मला माहीत नाही. कदाचित काही होणार नाही. केतकी साक्ष देईन म्हणाली होती, आता फोन उचलत नाही. बाबा म्हणतात, दुसरी नोकरी बघ. बघणार नाही. माझी मशीन तिथं आहे. ज्याची मशीन त्यानं तिच्यापाशी उभं राहायचं, हे मी त्यांच्याच शॉपमध्ये शिकले. रोज सकाळी मी आधी त्या दाराला कार्ड लावते. लाल दिवा लागतो. लागू दे. उद्या परत लावीन. ज्या दिवशी ते दार उघडेल त्या दिवशी मी आत जाईन ते बोंबील खाऊन, आणि माफी न मागता.

आज सकाळी आई ओट्यापाशी उभी होती, तवा तापलेला. सवयीनं तिचा हात खिडकीकडं गेला. मी तिचा हात धरला आणि खिडकी सताड उघडली. कडी काढून टाकली, स्क्रू-ड्रायव्हरनं, परत लावताच येणार नाही अशी. आईनं माझ्याकडं बघितलं, मग तव्यावर बोंबील टाकले.

खालून आवाज आला. "आज परत का?"

मी खिडकीतून वाकून सांगितलं, "व्हय काकू. रोज."